आईला जमेल असा बॉक्स

दुकानदारानं काउंटरवर तीन सेट टॉप बॉक्स मांडले आणि म्हणाला, "मॅडम, तिन्ही सेमच आहेत. कुठलाही न्या."

सेमच असते तर तीन कशाला बनवले असते, असं मी त्याला म्हणाले. तो हसला. मला हसू येत नव्हतं. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या त्या चिंचोळ्या दुकानात मी जो बॉक्स निवडणार होते, त्यावर माझी आई तिच्या स्वतःच्या घरात राहणार की नाही हे ठरणार होतं. पण हे त्या माणसाला कुठून सुरू करून सांगायचं?

आई मुलुंड पूर्वेला राहायची. तिसरा मजला, वन रूम किचन. बाबा गिरणीत होते तेव्हा परळला खोली होती, ती सोडून त्यांनी ही जागा घेतली आणि आईनं ती अशी काही लावली की अंधारातसुद्धा तिचा हात बरोबर मेतकुटाच्या बरणीवर जावा. बाबा गेल्यावर ती तिथं एकटी राहिली. मी अंधेरीला, माझा मोठा भाऊ पुण्याला. मी मेट्रोनं घाटकोपरला यायचे आणि पुढं मुलुंडला जायचे. शनिवारी म्हटलं तरी नेहमी जमायचं नाही.

आईच्या टीव्हीला केबल होती. एके दिवशी केबलवाल्यानं जुना बॉक्स काढून नवा दिला आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. पॅक संपला की पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं. रिमोटवर चुकून भलतं बटण दाबलं की पडद्यावर चौकोनच चौकोन यायचे आणि आत शिरलेल्या माणसाला बाहेरची वाट सापडायची नाही. मग ऑफिसात मला आईचा फोन. आम्ही तिच्याशी मुंबईच्या मराठीत बोलतो, ती अजूनही मालवणीतच. "गो, लाइन गेली," एवढंच म्हणायची. लाइन कुठंही गेलेली नसायची. मी हातातलं काम सोडून, "आई, रिमोटच्या वर लाल बटण आहे, त्याच्या खाली बघ," असं सुरू करायचे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आमचा रिमोट पाठ झाला होता.

भावाला हे मीच सांगितलं, हसत हसत. त्यानं ते हसण्यावारी नेलं नाही. त्याच सुमारास आईच्या हातून एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि वास येईपर्यंत तिला कळलं नव्हतं. भावानं दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या.

"तिला आता एकटीला जमत नाही गं," तो म्हणाला.

"टीव्हीचं म्हणतोस का? तो बॉक्सच भंकस आहे."

"टीव्हीचं नाही. सगळंच. जमत नाही तिला."

हे 'जमत नाही' मला तेव्हापासून सतावत होतं. आपल्याकडे या शब्दात काहीही मावतं. भाकरी जमत नाही, सुनेशी जमत नाही, यायला जमत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. भावाच्या मनात काय होतं ते मी ओळखलं. त्याला आईला पुण्याला न्यायचं होतं. वाईट काहीच नव्हतं त्यात, त्याचं घर मोठं, वहिनी चांगली. पण मी अशा आया पाहिल्या होत्या. मुलाच्या हॉलमधल्या सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारख्या बसलेल्या, पाणी हवं असलं तरी कोणी स्वयंपाकघरात जाण्याची वाट बघणाऱ्या. माझ्या आईचं तसं होऊ द्यायचं नव्हतं मला.

आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. आई पुण्याला गेली की मुलुंडची जागा बंद होणार, पुढं कधीतरी विकली जाणार. म्हणजे मुंबईत मला माहेर उरणार नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं माहेराचा एवढा धसका घ्यावा हे मलाही पटत नव्हतं. तरी घेतला होता.

शेवटी एका शनिवारी मी आईकडे असताना आमचं फोनवर ठरलं. मे महिन्यात तो चार दिवस सुट्टी काढून येणार. तोपर्यंत मी आईला सोपा बॉक्स बसवून द्यायचा. टीव्ही तिचा तिनं चालवला, तर तो पुण्याचं नाव काढणार नाही. नाही चालवला तर घेऊन जाणार. टीव्हीवरून हे ठरवणं किती वेडेपणाचं आहे हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण आईच्या डोक्याचं, हातापायांचं, भीतीचं बोलण्यापेक्षा टीव्हीचं बोलणं सोपं होतं. आईशी यातलं कोणीच काही बोललं नाही.

तर सोपा बॉक्स म्हणजे फुकटचा. म्हणजे बॉक्स आणि गच्चीवर लावायची डिशची छत्री एकदा विकत घ्यायची, पुढं रिचार्ज नाही, पॅक नाही, सरकारी उपग्रहावरून जे येईल ते दिसत राहणार. आईला हव्या त्या मराठी बातम्या, सकाळची भजनं आणि दुपारचे जुने सिनेमे त्यात होते. मला वाटलं, सुटले. पण दुकानात उभं राहिल्यावर कळलं की चिंता करायला इथं नवं मैदानच मिळालं आहे.

पहिला बॉक्स स्वस्त, जुन्या पद्धतीचा. त्यात काही नवी चॅनल दिसणारच नाहीत असं दुकानदार म्हणाला. दुसरा दिसायला झकास, पण त्याचा रिमोट बोटाएवढा आणि आकडे त्यावर नुसते छापलेले, अंगठ्यानं महिन्याभरात पुसले गेले असते. तिसऱ्याचा रिमोट चांगला जाड, रबरी बटणांचा, आणि बॉक्सच्या तोंडावर चॅनलचा आकडा लाल दिव्यात मोठा दिसणारा.

"लाइट जाऊन आल्यावर हा कुठं सुरू होतो?" मी विचारलं.

"मतलब?"

"म्हणजे आधी जे चॅनल होतं तेच लागतं, की झोपूनच राहतो?"

हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. त्यानं प्लग उपटला, परत लावला. दुसरा बॉक्स झोपूनच राहिला. तिसऱ्यावर मघाचाच सिनेमा लागला. मी पुढं विचारलं की चॅनलचे आकडे आपल्या मनासारखे लावता येतात का. येतात, पण वरून चॅनल हलवली की परत शोधायला लावावं लागतं आणि मग लावलेलं सगळं विस्कटतं. किती वेळा हलवतात? "वो हम कैसे बोलेंगे मॅडम." आईला चॅनलची नावं माहीत नव्हती, आकडे माहीत होते, आणि तेही तिच्या अंगठ्याला.

मग मला रिमोटवर एक बटण दिसलं. दाबलं तर पडदा काळा झाला आणि गाणं सुरू झालं. "रेडिओ है, उसी में आता है," दुकानदार कौतुकानं म्हणाला. मी त्या बटणाकडे बघत राहिले. एक चुकीचा अंगठा, पडदा काळा, आणि आईचा फोन, लाइन गेली. नेमका भाऊ समोर बसलेला असताना. हे बटण बंद करता येईल का म्हणून मी विचारलं, तर तो म्हणाला, "पट्टी चिपका दो."

मी तिसरा बॉक्स घेतला आणि मेट्रोत बसल्यावर दुसरा घ्यायला हवा होता असं वाटायला लागलं.

छत्री बसवायला सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी लागली. बसवणाऱ्यानं त्यांना सांगितलं की छत्रीचं तोंड साउथ-ईस्टला करावं लागेल, म्हणून पाण्याच्या टाकीपलीकडची जागा हवी. सेक्रेटरी गोंधळले. "आपण ईस्टलाच आहोत ना. अजून किती ईस्टला जायचं?" मुलुंडमध्ये ईस्ट म्हणजे रेल्वेच्या रुळांची ही बाजू, दिशा नव्हे. खरं तर मीही क्षणभर रुळांकडेच पाहिलं होतं. शेवटी बसवणाऱ्यानं हात करून ऐरोलीकडची बाजू दाखवली, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, मग सरळ ऐरोली म्हणा की.

त्या बाजूला एक टॉवर उठत होता. अर्धाच झाला होता, वर क्रेन. तो पूर्ण झाला की छत्रीच्या आड येईल का, हे मी बसवणाऱ्याला इतक्या वेळा विचारलं की तो म्हणाला, "ताई, छत्री वर आभाळात बघते, शेजाऱ्याच्या खिडकीत नाही." मला ते पटलं. तरी त्या टॉवरवर मी पुढं कित्येक आठवडे नजर ठेवून होते.

आई या सगळ्यात खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. मी तिला विचारलं, "तुला यातली कुठली चॅनल पुढं हवीत? मी आकडे लावून देते." ती म्हणाली, "माका खंयचोय चलात. माणसाचो आवाज इलो म्हणजे झाला." मला राग आला. मी इथं जिवाचं रान करतेय आणि हिला कुठलंही चालतंय. मी माझ्या मनानं आकडे लावले. तिच्या जुन्या केबलवर जिथं बातम्या होत्या त्याच आकड्यावर बातम्या, भजनं त्याच्या शेजारी. मेन्यूला कुलूप घातलं. लहान मुलांनी नको ते बघू नये म्हणून आईबापांनी घालायचं असतं ते. रेडिओच्या बटणावर औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी कापून लावली, बाकीच्या नको त्या बटणांवरही लावली. रिमोट हात फ्रॅक्चर झालेल्या माणसासारखा दिसायला लागला.

मग माझी शिकवणी. हे दाब, आता हे दाब, परत पहिल्यावर ये. आई मुकाट्यानं दाबायची. मी अंधेरीला पोचल्यावर फोन करून उजळणी घ्यायचे. "लागला का?" "लागलो." "कितीवर?" "तुझ्याच आकड्यार." एप्रिल संपत आला आणि 'लाइन गेली' असा एकही फोन आला नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला वाटायचं, टीव्ही बंद पडलाय आणि ती मला सांगत नाहीये. मी ओरडेन म्हणून. किंवा तिला आता बंद पडलेलं कळतही नाहीये. ऑफिसात जेवणाचा डबा उघडायचे आणि तो तसाच ठेवून तिला फोन लावायचे.

एका दुपारी राहवलं नाही. अर्धी रजा टाकली आणि न सांगता मुलुंडला गेले. जिना चढून वर आले तर मजला शांत. पूर्वी समोरच्या बाई दार सताड उघडं टाकून बसायच्या, त्या मुलाकडे कल्याणला गेल्या आणि तिथं आता कुरियरचं गोडाऊन झालं होतं. शेजारच्या जागेला कुलूप होतं. माझ्याकडच्या चावीनं मी आईचं दार उघडलं. आई पलंगावर डोळे मिटून पडलेली, टीव्हीचा पडदा काळा, आणि खोलीत कोणीतरी पुरुष मोठ्यानं बोलत होता.

मी "आई" म्हणून इतक्या जोरात हाक मारली की ती दचकून उठली.

"कित्याक वरडतस? रेडिओ लावलंय."

मी रिमोट उचलला. रेडिओच्या बटणावरची पट्टी नव्हती. एकाही बटणावर नव्हती. रिमोट स्वच्छ पुसून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता आणि वर रबर बँड लावलं होतं.

"पट्ट्या कोणी काढल्या?"

"मीच. चिकाट लागा बोटांका." मग माझ्या हातातून रिमोट घेऊन, माझ्याकडेच बघत, तिनं एक बटण दाबलं आणि टीव्हीवर बातम्या आल्या. दुसरं दाबलं, भजन. तिसऱ्यानं परत रेडिओ. एकदाही खाली पाहिलं नाही. "दुपारचा पडलंय ना, तर डोळे मिटले तरी कोणतरी घरात बोलता हा असा वाटता," ती म्हणाली.

मी ते वाक्य ऐकलं आणि आनंदानं माझं ध्यान दुसरीकडेच गेलं. आई पास होणार होती. नुसती पास नव्हे, माझ्या चिकटपट्ट्या काढून, पहिल्या नंबरानं. परतीच्या वाटेवर मी भावाला फोन केला आणि म्हणाले, "ये तू मे महिन्यात, बघच." तो म्हणाला, "बघू ना." मग लगेच मला वाटलं की आपण फार बोललो.

मे महिन्यात एका दुपारी भाऊ आला. त्याच्यासाठी आईनं बांगडे तळले, सोलकढी केली. वहिनी आणि मुलं नव्हती, आम्ही तिघंच. बाबा असताना असायचो तशी जेवायला जमिनीवर बसलो. मला जेवण गोड लागत नव्हतं. सकाळपासून मी चार वेळा टीव्ही लावून बघितला होता. गच्चीवर जाऊन छत्री बघून आले होते. आईनं तर सकाळी भाजी निवडता निवडता एका हातानं बातम्या लावल्या होत्या, मी स्वतः पाहिलं होतं.

जेवण झालं. भाऊ खुर्चीत टेकला आणि अगदी सहज, जसं काही त्याला आत्ताच सुचलं, म्हणाला, "आई, बातम्या लाव ना जरा."

मी ओट्याशी ताटं विसळत होते. नळ बंद केला.

आईनं रिमोट हातात घेतला. पिशवीवरचं रबर बँड सरळ केलं. चष्मा मागितला, मी नेऊन दिला, तिनं तो लावला आणि रिमोटकडे बघत बसली. बटणाला बोटसुद्धा लावलं नाही. मग तिनं रिमोट उचलून भावाच्या मांडीवर ठेवला.

"माका जमणा नाय रे," ती म्हणाली.

मला आधी काही समजलंच नाही. मग संताप आला, कानाच्या पाळ्या तापण्याइतका. दोन महिने मी काय केलं होतं? "आई, काय हे? सकाळी तर तूच लावल्यास," मी म्हणाले. "अगं, न बघता लावल्यास."

"सकाळी जमला. आता जमणा नाय."

"म्हणजे काय? दे इकडे, मी तुला..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही बोलायला लागले की ती बघायची तसं, गप बस असं सांगणारं. मी हात पुढं केला होता तो तसाच राहिला. वन रूम किचनमध्ये कसली गुपितं राहणार? ओट्यापाशी उभी राहून मी भावाशी फोनवर बोलले होते, त्यातला शब्द न् शब्द तिला ठाऊक असणार. ही कसली परीक्षा आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ती नापास व्हायला बसली होती.

भावाच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. उलट तो गडबडला. त्यानं रिमोट मांडीवरून काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलला.

"मग माझ्याकडे येतेस का आई? राहायला?"

"तू म्हणतस म्हणान येतंय," आई म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की ते वाक्य तिच्या तोंडात किती दिवस तयार होतं ते मला कळलं. मला इथं भीती वाटते, मजल्यावर आता कोणी नाही, मला घेऊन जा, असं ती मेली असती तरी म्हणाली नसती. मुलाच्या घरी आपण होऊन कसं जायचं, त्यानं बोलवायला हवं. आणि आम्ही दोघं इतके दिवस एकमेकांशी भांडत होतो, तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी तर तिच्या एकटं राहण्यासाठी दुकानं पालथी घालून सगळ्यात चांगला बॉक्स शोधून आणला होता.

मला रडू येत होतं आणि ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी हे मला सांगता आलं नसतं. मी पदराला हात पुसले.

भाऊ माझ्याकडे वळला. त्याला माझ्या बोलण्यावर अजून थोडा विश्वास असावा, किंवा त्याला भांडण नको असावं.

"काय गं," तो म्हणाला, "तू एवढं शिकवलंस. खरंच नाही जमत तिला?"

आई खिडकीकडे बघत होती.

"नाही रे दादा," मी म्हणाले. "नाही जमत."